‘दुखणार नाही’ असं सांगू नकोस

ताई, नमस्कार.

होम सायन्समध्ये मानव विकास हा विषय घेऊन मी एम.एस्सी. केलं. सध्या नाशिकमधल्या एका मुलांच्या हॉस्पिटलमध्ये चाइल्ड लाइफ स्पेशालिस्टच्या कामाची इंटर्नशिप करते आहे. आजारी मुलांशी खेळायचं, तपासणीच्या किंवा ऑपरेशनच्या आधी त्यांच्या मनाची तयारी करायची, आईवडिलांना धीर द्यायचा, असं हे काम. कळवणकडचा एक सहा वर्षांचा मुलगा थॅलेसेमियामुळे दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला येतो. माझी आणि त्याची छान गट्टी होती. मागच्या वेळी त्याची शीर सापडत नव्हती. वॉर्ड भरलेला, सिस्टर घाईत. त्या म्हणाल्या, ‘सांग त्याला, काही दुखणार नाही म्हणून.’ मी सांगितलं. तीनदा टोचावं लागलं. चौघांनी त्याला टेबलावर दाबून धरलं होतं. त्यानंतर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि घरी जाईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पुढच्या आठवड्यात तो परत येईल. त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ?

सिस्टर मला ‘खेळवाल्या मॅडम’ म्हणतात. पप्पा म्हणतात, एवढं शिकून पोरांना साबणाचे फुगे उडवून दाखवायचे का? हे सगळं सोडून बी.एड. करावं का?

ता. क. त्या मुलाची आई माझा मोबाईल नंबर मागते आहे. देऊ का?

– एक इंटर्न, इंदिरानगर, नाशिक

*

अगं, आधी त्या मुलाचं बोलू. बाकीचं मागाहून.

तो तुझ्याकडे पाठ करून पडून राहिला, कारण तुझ्या शब्दाला त्याच्या लेखी किंमत होती. सिस्टरवर तो रुसला नाही, दाबून धरणाऱ्यांवरही नाही. त्यांनी त्याला काही कबूल केलं नव्हतं. तू केलं होतंस. म्हणून पुढच्या आठवड्यात त्याच्यासमोर जायचंच, आणि तो वॉर्डात आल्या आल्या जायचं, सुयांचा ट्रे यायच्या आधी. हातात नवं खेळणं नको. ते पाहून त्याला वाटेल की आता आणखी काहीतरी वाईट होणार आहे. त्याच्या उंचीएवढी खाली बस आणि सरळ सांग, ‘मागच्या वेळी मी म्हटलं दुखणार नाही, आणि तुला खूप दुखलं. मी खरं बोलले नाही. आता दुखणार असेल तर मी दुखणार असंच सांगीन.’ एवढंच. ‘आपली गट्टी ना?’ असं लगेच विचारू नकोस. तो गप्प राहिला तर राहू दे. तू त्या दिवशी जे जे सांगशील ते तसंच होतं का, हे तो बारकाईने बघणार आहे. त्याचा विश्वास परत यायचा तर असाच येईल, हळूहळू.

सिस्टरचा तुला राग आला असेल. पण ‘दुखणार नाही’ हे त्यांनी एकट्यांनी शोधून काढलेलं नाही, घराघरांत हेच चालतं. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केलं, तिथे रोज दिसायचं. आजी सांगते, ‘चल, काळारामाच्या देवळात जाऊ,’ आणि रिक्षा दवाखान्याच्या दारात उभी राहते. पोरगं जेवत नसेल तर ‘डॉक्टरकाकांना बोलावू का, सुई देतील’ ही धमकी ठरलेली. सगळं मायेपोटीच. पण चार-पाच वर्षांचं मूल या सगळ्याची स्वतःपुरती जुळणी करतं. सुई ही शिक्षा आहे, मला सुई देताहेत, म्हणजे मी काहीतरी वाईट केलंय. न्यूमोनियाने दाखल झालेल्या एका मुलाने मला विचारलं होतं, ‘मी दादाला चावलो म्हणून मला इथे आणलंय का?’ ताप उतरला तरी तो मुलगा घुम्यासारखा बसून असायचा. दादाला चावल्यामुळे कुणी आजारी पडत नाही, हे मी त्याला सांगितलं, त्याच्या आईने सांगितलं, मग डॉक्टरांनीही सांगितलं, तेव्हा कुठे तो जरा मोकळा झाला. तुझ्या वॉर्डातल्या प्रत्येक लहान मुलाला न विचारता हे एकदा सांगून टाकत जा: तू काही केलं म्हणून हे झालेलं नाही.

आता खरं सांगायचं म्हणजे काय, हे नीट लक्षात घे. सहा वर्षांच्या मुलापुढे आजाराचं अख्खं पुस्तक उघडायचं नाही. त्याला काय दिसेल, काय ऐकू येईल, कसला वास येईल, अंगाला काय जाणवेल, किती वेळ चालेल आणि त्याने काय करायचं, एवढंच त्याला हवं असतं. ‘आधी हाताला पट्टा घट्ट बांधतील. मग कापसाने पुसतील, ते गार लागेल, वास येईल. मग टोचेल. टोचेल तेव्हा दुखतं. कुणाला जास्त दुखतं, कुणाला कमी. तुला कसं वाटलं ते मला नंतर सांग.’ किती दुखेल ते आपण ठरवायचं नाही. मोठ्या ऑपरेशनचं शाळकरी मुलाला पाच-सहा दिवस आधी सांगितलं तर त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी पुरतं, आठवडाभर आधी सांगितलं तर ते नुसतं धास्तावून राहतं. आणि भूल द्यायची असेल तर एवढं आवर्जून सांग की ही झोप रात्रीच्या झोपेसारखी नाही. ही औषधाची आहे, मध्येच जाग येत नाही, काम झालं की डॉक्टर औषध बंद करतात आणि तू उठतोस.

आपण मोठी माणसं गृहीत धरतो आणि मुलांना कुणीच सांगत नाही, अशा गोष्टी बऱ्याच असतात. पेठ तालुक्यातल्या एका मुलीला सलाईन लावलं होतं. रात्रभर तिने तो हात लाकडासारखा ताठ धरून ठेवला, कूस बदलली नाही, आईला हाताला शिवू दिलं नाही. सकाळी खांदा आखडून ती रडायला लागली. तिला वाटत होतं सुई अजून आतच आहे, हात हलवला की आरपार जाईल. मी सिस्टरांकडून एक कोरा कॅन्युला, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालतात ती सुई-नळी, मागून घेतला. चिंध्यांच्या बाहुलीच्या हातात तो तिच्यासमोर घातला आणि सुई बाहेर ओढून ट्रेमध्ये टाकून दाखवली. आत राहिलेली मऊ नळी काढून तिच्या बोटावर ठेवली. तिने ती वाकवून पाहिली, पुन्हा पुन्हा वाकवली. मग आपल्या हाताकडे पाहत एकेक बोट हलवलं. आम्ही सगळे त्या रात्री तिच्या उशाशी येऊन जाऊन होतो, पण सुई आत राहत नाही हे तिला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

असंच रक्ताचं. तपासणीला रक्त काढतात तेव्हा लहान मुलाला वाटतं सगळं संपून जाईल, म्हणून टोचल्या जागी पट्टी लावून घेतल्याशिवाय ते शांत होत नाही. हट्टी म्हणून त्याला रागवायचं नाही, पट्टी लावायची. तुझा कळवणचा मुलगा तर उलटं बघतो आहे, दुसऱ्याचं रक्त आपल्यात येताना. ते कुणाचं आहे, ते देणाऱ्याचं संपलं का, हे त्याने कधी विचारलंय का? विचारलं नसेल तर एकदा तूच विषय काढ.

आता पुढच्या आठवड्याची तयारी. तो कळवणहून पहाटेच्या एसटीने येत असेल तर हात गार पडलेले असणार, आणि बहुतेक उलटीच्या भीतीने आईने पाणीही दिलेलं नसणार. गार हाताला शीर लवकर सापडत नाही. आईला आधीच निरोप दे: वाटेत पाणी पाजा, स्वेटर घाला. आला की कोमट पाण्यात हात बुडवून बसव. कातडी बधिर करणारं क्रीम असतं, ते लावून वर पट्टी चिकटवून साधारण तासभर ठेवावं लागतं. डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं, म्हणून आदल्या दिवशीच त्यांच्याशी बोलून ठेव. सुई हातात घेतल्यावर क्रीमची आठवण काढून उपयोग नाही.

त्याला टेबलावर आडवं पाडून चौघांनी धरणं या वेळी टाळायचं. आडवं पाडलं की मूल जिवाच्या आकांताने लढतं, मोठा माणूसही लढेल. आईच्या मांडीवर बसव, छातीला छाती लावून, पाय तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंनी. एक हात तिच्या काखेखालून मागे येतो, तो सिस्टरांना मिळतो. आईने घट्ट मिठी मारायची, म्हणजे धरणंही झालं आणि कुशीही झाली. आईला हे आदल्या तासात करून दाखव, नुसतं सांगून जमत नाही. खोलीत बोलणारा माणूस एकच हवा, आणि तो कोण हे आधी ठरवा. पाच जण पाच बाजूंनी ‘झालं झालं’, ‘इकडे बघ’, ‘रडू नको’ म्हणायला लागले की मुलाच्या कानात नुसता गलका होतो.

त्याला निवड दे, पण खरी असेल तीच. ‘आता टोचू का?’ असं विचारायचं नाही, तो नाही म्हणेल, आपण तरी टोचू, आणि पुन्हा खोटे पडू. उजवा हात की डावा, बघायचं की तोंड फिरवायचं, मोजायचं की फुंकायचं, हे विचार. साबणाचे फुगे इथेच कामाला येतात. फुगा मोठा व्हायला श्वास लांब आणि हळू सोडावा लागतो, आणि असा श्वास सोडताना अंग आपसूक सैल पडतं. तुझ्या पप्पांना हे सांग. ती नुसती करमणूक नाही.

दोन प्रयत्न फसले तर थांबून दुसऱ्या अनुभवी हाताला बोलवावं, ही विनंती इन्चार्ज सिस्टरांना आधीच करून ठेव. त्या क्षणी, सगळ्यांसमोर नको. तिथे ती विनंती राहत नाही, टोचणी होते. आणि टोचायचं ते उपचाराच्या खोलीतच. त्याच्या पलंगावर नाही आणि खेळायच्या खोलीत तर कधीच नाही. त्या जागी सुई घेऊन कुणी येत नाही एवढी एक खात्री मुलाला असू दे.

हे सगळं करूनही तो रडेल. रडू दे. ‘शहाणा मुलगा, रडला नाहीस’ अशी शाबासकी आपण दिली की पुढच्या वेळी रडणारा मुलगा वाईट ठरतो. ‘तू रडलास पण हात हलवला नाहीस, त्यामुळे एकदाच टोचावं लागलं’ असं सांग, अर्थात खरंच तसं झालं असेल तरच. त्याने काय केलं ते त्याला नेमकं कळू दे. तीन आठवड्यांनी तो पुन्हा येणार आहे, तेव्हा त्याच्या हातात काहीतरी असायला हवं.

सिस्टरांचं म्हणशील तर, ‘खेळवाल्या मॅडम’वर अडून बसू नकोस. एका पाळीत किती खाटा त्यांच्या वाट्याला येतात ते तू बघतेसच. टोचताना मूल शांत राहिलं तर त्यांचाच वेळ वाचतो, हे त्यांनी दोन-चार वेळा स्वतः पाहिलं की तुला त्या स्वतः हाक मारतील. चूक दाखवायला वॉर्डात जाऊ नकोस, मदतीला जा. ट्रे लावायच्या आधी दहा मिनिटं मला कळवाल का, एवढंच माग. आणि त्यांच्याकडून शीक. जुन्या सिस्टरांना कुठलं मूल रात्री जागं राहणार हे चेहऱ्यावरून कळतं.

भाषेकडेही लक्ष दे. नाशिकच्या वॉर्डात कळवण-बागलाणची अहिराणी येते, सुरगाणा-पेठच्या कोकणा आदिवासींची कोकणी येते, मालेगावची उर्दू येते. घाबरलेल्या मुलाला शाळेतलं मराठीही परकं वाटतं. ‘काय व्हयनं?’ (काय झालं?) एवढं जरी त्याच्या बोलीत विचारलंस तरी त्याची आई आधी बोलती होईल, मग तो. प्रत्येक बोलीतली दहा-बारा वाक्यं आयांकडूनच शिकून घे. त्यांना कुणाला काही शिकवायची संधी हॉस्पिटलात सहसा मिळत नाही.

पप्पांना कसं पटवायचं? थोडा इतिहास सांग. १९५५ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातल्या सिटी हॉस्पिटलमध्ये मुलांच्या विभागाचे प्रमुख होते डॉ. फ्रेडरिक रॉबिन्स. पोलिओच्या विषाणूवरच्या कामासाठी त्यांना आदल्याच वर्षी, १९५४ साली नोबेल मिळालं होतं, इतरांबरोबर. त्यांना वाटलं की आपण मुलांचे आजार बरे करतो, पण महिनोन्महिने खाटेवर पडलेल्या मुलांच्या मनाचं, वाढीचं काय? त्यासाठी त्यांनी एमा प्लँक यांना बोलावलं. त्या मूळच्या व्हिएन्नाच्या, माँटेसरी पद्धतीत तयार झालेल्या शिक्षिका. आजचं चाइल्ड लाइफचं काम उभं राहिलं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे नोबेल मिळालेल्या डॉक्टरांना आपल्या वॉर्डात ‘खेळवाल्या मॅडम’ असाव्यात असं वाटलं होतं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळी ब्रिटनमधल्या बऱ्याच हॉस्पिटलांत आईवडिलांना मुलाला अगदी मोजकाच वेळ भेटता यायचं. १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने अहवाल दिला, त्यात भेटीवरची ही बंधनं काढा आणि लहान मुलांच्या आयांना सोबत राहण्याची सोय करा, असं सांगावं लागलं. आपल्या वॉर्डात आई खाटेखाली चटई टाकून झोपते. तिला कधी कुणी अहवालाने आणलेलं नाही. तुझ्या कामातलं सगळ्यात मोठं बळ तुला असं आयतं मिळालेलं आहे. पण आपण आईला फक्त औषधाची चिठ्ठी घेऊन पळवतो आणि टोचायच्या वेळी ‘तुम्ही बाहेर थांबा’ म्हणतो. तिला आत घे. तिला काम दे. इंटर्नशिपमध्ये दुसरं काही जमलं नाही आणि तुझ्या वॉर्डात आया टोचायच्या वेळी आत राहायला लागल्या, तरी मी म्हणेन तू खूप केलंस.

बी.एड.बद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. शिक्षकाचं काम मला थोर वाटतं, एमा प्लँकही शिक्षिकाच होत्या. पण तू त्या मुलाच्या पाठीला घाबरून बी.एड.कडे वळते आहेस, आणि अशी दोन वर्षं जड जातात. आधी ही इंटर्नशिप पुरी कर.

पुढच्या वाटेचं थोडक्यात सांगते. अमेरिकेत या कामाचं प्रमाणपत्र असोसिएशन ऑफ चाइल्ड लाइफ प्रोफेशनल्स ही संस्था देते. त्याला पदवी लागते, ठरलेले विषय लागतात, प्रमाणित चाइल्ड लाइफ स्पेशालिस्टच्या देखरेखीखाली किमान ६०० तासांची इंटर्नशिप लागते आणि मग परीक्षा. म्हणून तुझ्या मार्गदर्शकांकडे ते प्रमाणपत्र आहे का, हे आजच विचारून घे. नसेल तर तुझे इथले तास तिकडे धरले जाणार नाहीत. शिकणं वाया जात नाही, पण पप्पांनी कर्ज काढायच्या आधी हे माहीत असलेलं बरं. आपल्याकडे या नावाने जाहिराती फारशा निघत नाहीत. समुपदेशक, वैद्यकीय समाजसेवक अशा नावांखाली हे काम करता येतं. मुलांचे कॅन्सर वॉर्ड आणि थॅलेसेमियाची डे-केअर केंद्रं ही त्याची मुख्य ठिकाणं. तिथे एम.एस.डब्ल्यू. किंवा समुपदेशनाची पदविका जोडली तर नोकरीला आधार होतो. आणि राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकात आहे. इथल्या प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात तुझ्यासारखी एक तरी मुलगी पगारावर असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी दाखवायला काहीतरी हवं, म्हणून रोजची वही ठेव. मुलाचं नाव न लिहिता वय, काय करायचं होतं, कुठल्या पद्धतीने धरलं, किती वेळ लागला, काय उपयोगी पडलं, एवढं लिही. वर्षाने ती वही हॉस्पिटलच्या संचालकांसमोर ठेवता येईल.

शेवटी ता. क. चं. नंबर देऊ नकोस. त्या आईवर अविश्वास दाखवायचा म्हणून नव्हे. रात्री दोनला मुलाला ताप भरला आणि तिने तुला फोन केला तर तू काय करणार? तू डॉक्टर नाहीस, आणि तिचा तो वेळ अमूल्य असेल. तिला वॉर्डाचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून दे. तिला वाचता येत नसेल तर तिच्या फोनमध्ये तूच साठवून दे आणि एकदा लावून दाखव. ताप आला, अंगावर पुरळ आलं, दम लागला तर कुणाशी बोलायचं हे सिस्टरांना तिच्यासमोर सांगायला लाव. बरं वाटलं नाही की इंटर्न ताईला नाही, इथे फोन करायचा, हे तिला तुझ्याच तोंडून कळू दे. तुझी इंटर्नशिप कधी संपते तेही तिला आणि मुलाला आत्तापासून सांगून ठेव. शेवटच्या दिवशी नाही. त्याच्या दोन-तीन फेऱ्या आधी.